प्रेमाचा फ्री बॉडी डायग्राम

तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी



शीर्षक वाचून "आता इथेही मेकॅनिक्स?" असं वाटलं असेल, तर घाबरू नका. सबमिशन आणि ओरल्स संपल्यावर हातात पडणाऱ्या अंकात कोणाला गणितं सोडवायला लावण्याचा माझा बेत नाही. हा अभ्यासलेख आहे, पण प्रेमकथांचा! त्यातही दोन खास प्रकारच्या. पहिल्या, ज्या जुन्या काळात घडतात. दुसऱ्या, ज्या लेखकाने कल्पनेने उभारलेल्या समाजात, बहुतेक वेळा भविष्यात, घडतात.

हॉस्टेलमध्ये पुस्तकं फिरतात हे सगळ्यांना माहीत आहे. एकाने विकत घ्यायचं आणि अख्ख्या मजल्याने वाचायचं! पण प्रेमकथेचं पुस्तक उशीखाली जातं. कोणी पाहिलं तर "टाइमपास म्हणून वाचतोय" हे उत्तर तयार. मेसमधल्या चर्चेत तर ठरलेलं वाक्य ऐकायला मिळतं, "सगळ्या लव्ह स्टोऱ्या सारख्याच. तो, ती, पाऊस आणि गैरसमज." हे वाक्य अगदीच खोटं नाही. पण वर सांगितलेल्या दोन प्रकारांना ते लागू पडत नाही, असं माझं म्हणणं आहे. का, ते पाहू. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा मधेमधे इंग्रजी शब्द डोकावतील. सांभाळून घ्या.)

आधी थोडी थिअरी

फर्स्ट इयरला आपण सगळे फ्री बॉडी डायग्राम शिकलो. एक वस्तू आजूबाजूच्या जगापासून वेगळी काढायची आणि तिच्यावर कुठून कुठून बल येतं ते बाणांनी दाखवायचं. एक जरी बाण राहिला तरी उत्तर चुकतं.

आता वस्तूच्या जागी प्रेमात पडलेले दोघं ठेवा. त्यांच्यावर कोणकोणते बाण येतात? कायदा, पैसा, घरचे, धर्म, जात, सरकार, लोक काय म्हणतील... आजच्या काळातल्या कथेत हे बाण आपल्याला दिसत नाहीत, कारण आपण स्वतःच त्यांच्याखाली उभे असतो. हवेचा दाब कुठे जाणवतो? पण तेच दोघं दोनशे वर्षं मागे किंवा न आलेल्या काळात नेले, की प्रत्येक बाण ठळक दिसू लागतो. काळ बदलण्याचा खरा उपयोग हा आहे. घोडागाड्या आणि अंतराळयानं ही नुसती सजावट.

यावरून एक साधी टेस्ट निघते. कथेतलं जोडपं उचलून दुसऱ्या काळात ठेवा. कथा जशीच्या तशी चालली, तर तो काळ नाटकातल्या रंगवलेल्या पडद्यासारखा होता. कथा कोसळली, तर तो काळ लोडबेअरिंग भिंत होता. स्थापत्यवाल्यांना सांगायला नको, पडदा काढता येतो, पण अशी भिंत काढली की स्लॅब खाली येतो.

भूतकाळ : एका कायद्याने जन्माला घातलेल्या कथा

ऐतिहासिक कादंबरी म्हटलं की सर वॉल्टर स्कॉटचं नाव आधी येतं. त्याची 'वेव्हर्ली' १८१४ साली आली आणि तिची कथा होती १७४५ च्या स्कॉटलंडमधल्या बंडाची. जेन ऑस्टेनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' १८१३ ची, म्हणजे जवळपास त्याच वेळची. पण ऑस्टेन स्वतःच्या काळाबद्दल लिहीत होती. आपल्याला ती ऐतिहासिक वाटते, कारण मधे दोनशे वर्षं गेली. तिच्या जगाकडे मागे वळून पाहत प्रेमकथा लिहिण्याची पद्धत रूढ केली ती जॉर्जेट हेयर (१९०२ ते १९७४) या इंग्रज लेखिकेने. तिची पहिली कादंबरी १९२१ सालची. १९३५ च्या 'रीजन्सी बक' पासून ती १८११ ते १८२० या रीजन्सी काळात शिरली आणि हा काळ म्हणजे तिचंच राज्य झालं. कपडे, गाड्या, बोलण्याच्या लकबी, सगळ्याच्या ती बारीक नोंदी ठेवायची. आपल्यासाठी खास माहिती अशी, की तिचा नवरा मायनिंग इंजिनिअर होता!

या रीजन्सी कथांमध्ये एक प्रसंग हमखास येतो. दोघं मध्यरात्री घोडागाडीतून उत्तरेकडे पळतात आणि घरचे मागे लागतात. नुसती फिल्मी गंमत वाटते ना? पण त्यामागे कायदा आहे. १७५३ साली इंग्लंडमध्ये लॉर्ड हार्डविकचा विवाह कायदा झाला. लग्न चर्चमध्येच लागलं पाहिजे. त्याआधी तीन रविवारी चर्चमध्ये जाहीर घोषणा व्हायला हवी, किंवा चर्चचा परवाना हवा. वय २१ पेक्षा कमी असेल, तर परवान्यासाठी पालकांची संमती लागायची, आणि घोषणा चालू असताना वडिलांनी उठून विरोध केला तर लग्न अडायचं.

पण हा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता! तिथे दोघांनी साक्षीदारांसमोर "आम्ही नवरा-बायको आहोत" एवढं म्हटलं तरी पुरे. सरहद्द ओलांडली की लगेच लागणारं गाव म्हणजे ग्रेटना ग्रीन. तिथे लोहाराच्या ऐरणीसमोर लग्नं लागू लागली. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' मधली लिडिया पळून जाते, तेव्हा ती ग्रेटना ग्रीनलाच निघाली असं घरच्यांना आधी वाटतं. पुढे १८५६ साली नियम झाला की लग्नाआधी दोघांपैकी एकाने तरी २१ दिवस स्कॉटलंडमध्ये राहिलेलं असावं. झालं, मध्यरात्रीच्या पळापळीतली अर्धी हवा गेली.

कथेचा नकाशाच कायद्याने काढला होता, हे इथे पाहण्यासारखं आहे. नायिका घाबरते ती काही स्वभावाने भित्री म्हणून नाही. लग्न झालं की तिची मालमत्ता नवऱ्याची व्हायची. विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवण्याचा पूर्ण हक्क इंग्लंडमध्ये १८८२ च्या कायद्याने दिला. १८५७ पर्यंत पुन्हा लग्न करता येईल असा घटस्फोट हवा असेल तर पार्लमेंटमध्ये स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागायचा. म्हणजे माणूस निवडण्यात चूक झाली तर परत यायला रस्ता नाही. अशा वेळी "हा माणूस कसा आहे?" हा प्रश्न चारशे पानं पुरला, तर नवल काय?

दोन काळांच्या मधे अडकलेली क्लेअर

डायना गॅबल्डनची 'आउटलँडर' (१९९१) ही अलीकडची कादंबरी. टीव्ही मालिका २०१४ पासून आल्यामुळे नाव अनेकांना माहीत असेल. गॅबल्डन मुळात विज्ञानाची, परिस्थितिविज्ञानात डॉक्टरेट केलेली. तिची नायिका क्लेअर दुसऱ्या महायुद्धात नर्स होती. युद्ध संपल्यावर ती नवऱ्याबरोबर स्कॉटलंडला जाते आणि उभ्या शिळांच्या एका वर्तुळातून थेट १७४३ मध्ये पोचते. तिथे तिचं जेमी फ्रेझरशी लग्न लागतं. तेही आधी प्रेम म्हणून नाही, तर इंग्रज कॅप्टनच्या ताब्यात जाण्यापासून वाचण्यासाठी, कारण स्कॉट माणसाशी लग्न केलं की ती स्कॉट ठरते. पुन्हा कायद्याचा बाण!

क्लेअर सोबत विसाव्या शतकाच्या सवयी घेऊन आलेली असते. जेमी तिला नवरा म्हणून मारतो, हा प्रसंग वाचकांमध्ये खूप वादाचा ठरला. त्याच्या काळात त्याला तो हक्क वाटतो, तिला तो निव्वळ अत्याचार वाटतो. एकाच खोलीत दोन शतकं समोरासमोर! प्रेम असूनही हे भांडण सुटत नाही, जेमीला स्वतःच्या काळातला एक नियम सोडावा लागतो. माझ्या मते हीच त्या कादंबरीतली खरी प्रेमाची जागा. आणि वर १७४६ ची कलोडनची लढाई येणार आणि स्कॉट लोक हरणार, हे तिला आधीच माहीत असतं. उत्तर माहीत असून गणित बदलता येत नाही, ही तिची व्यथा.

आपल्याकडे : राऊ आणि स्वामी

आता घराजवळ येऊ. मराठीत ऐतिहासिक कादंबरीला तोटा नाही, आणि त्यातल्या दोन मुळात प्रेमकथाच आहेत. ना. सं. इनामदारांची 'राऊ' (१९७२) बाजीराव-मस्तानीची. रणजित देसाईंची 'स्वामी' (१९६२) माधवराव आणि रमाबाईंची. दोन्ही शेजारी ठेवून वाचा, खूप काही कळतं.

'राऊ' मध्ये बाण कुठून येतात? शत्रूकडून नाही. नर्मदेपलीकडे घोडी दौडवणारा, लढाया जिंकणारा पेशवा पुण्यातल्या पंक्तीपुढे मात्र हतबल होतो. घरचे आणि पुण्यातला ब्राह्मणवर्ग मस्तानीला स्वीकारत नाहीत. बाजीराव १७४० मध्ये नर्मदाकाठी रावेरखेडीला गेला, आणि त्यानंतर थोड्याच काळात मस्तानीही गेली. तिची कबर पाबळला आहे. त्यांचा मुलगा समशेर बहादूर १७६१ च्या पानिपतात मराठ्यांकडून लढला आणि तिथे झालेल्या जखमांनी गेला. ज्या घराने आईला उंबरठ्याच्या आत घेतलं नाही, त्या घराण्यासाठी मुलगा मेला. हे वाक्य कोणत्याही कादंबरीपेक्षा जड आहे, आणि ते इतिहासातलं आहे.

याच कादंबरीवर आधारलेला चित्रपट २०१५ साली आला. त्यात काशीबाई आणि मस्तानी एका गाण्यात एकत्र नाचल्या आणि केवढा वाद झाला! काहींचा मुद्दा अभिमानाचा होता. मला मुद्दा वेगळा वाटतो. त्या पाच मिनिटांपुरता दिग्दर्शकाने तो काळच बाजूला काढून ठेवला. ज्या बंधनांमुळे या दोघी एका छताखाली येऊ शकत नव्हत्या, ती बंधनंच गाण्यापुरती गायब. आपल्या टेस्टप्रमाणे, भिंतीचा पडदा झाला.

'स्वामी' ची गोष्ट निराळी. इथे लग्न आधी, तेही लहानपणी, आणि प्रेम नंतर. "ठरवून केलेल्या लग्नात प्रेम असतं का?" या मेसमधल्या वादाला देसाईंचं उत्तर "असतं" असं आहे, आणि ते सुंदर लिहिलेलं आहे. १७७२ मध्ये थेऊरला माधवरावांचा अंत होतो, वय अवघं २७. रमाबाई सती जातात. शेवट वाचून डोळ्यांत पाणी येतं, माझ्याही आलं. पण अश्रू पुसल्यावर एक प्रश्न विचारायलाच हवा. ते फक्त प्रेम होतं की बाणही होते? तरुण विधवेसमोर तेव्हा पर्याय कोणते होते? केशवपन, माजघर, आयुष्यभर सोवळं. जिच्यापुढे दुसरा बरा रस्ताच नाही, तिच्या निवडीला किती 'निवड' म्हणायचं? रमाबाईंबद्दल मनात आदर ठेवूनच मी हे विचारते आहे. इतिहासावरच्या प्रेमकथेचा मोठा धोका हाच, की ती कधीकधी बेडीलाही सोन्याचा मुलामा देते.

भविष्यकाळ : इंजिनिअरने लिहिलेली, इंजिनिअरची प्रेमकथा

आता दुसरा प्रकार. आपल्या कॉलेजमध्ये तरी प्रत्येकाने माहीत करून घ्यावं असं पुस्तक म्हणजे रशियन लेखक येवगेनी झाम्यातिनचं 'आम्ही'. झाम्यातिन जहाजबांधणीचा इंजिनिअर! सेंट पीटर्सबर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकला, आणि १९१६-१७ मध्ये रशियासाठी बर्फ फोडणाऱ्या जहाजांच्या बांधणीवर देखरेख करायला इंग्लंडमध्ये राहिला. परत आल्यावर १९२०-२१ च्या सुमारास त्याने ही कादंबरी लिहिली. १९२४ साली ती इंग्रजीत न्यूयॉर्कला छापली गेली. त्याच्या स्वतःच्या देशात मात्र ती १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली, तो जाऊन ५१ वर्षं झाल्यावर!

कथेतल्या राज्यात माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत. नायक डी-५०३ अंतराळयान बांधणारा इंजिनिअर. घरं काचेची. उठणं, जेवणं, काम, सगळं एकाच टाइमटेबलप्रमाणे. (आपल्या रेक्टरांना ही कल्पना कळू देऊ नका!) प्रेमाचाही बंदोबस्त आहे. कोणीही कोणत्याही नंबरची मागणी करू शकतो, गुलाबी कुपन मिळतं, आणि तेवढ्या वेळापुरते पडदे ओढता येतात. मत्सर संपला, विरह संपला, प्रश्न सुटला!

आणि मग डी-५०३ ला आय-३३० भेटते. त्याला पहिल्यांदा झोप येत नाही, स्वप्नं पडतात. डॉक्टर सांगतात, तुझ्यात आत्मा तयार झालाय. म्हणजे तिथे तो आजार. शेवटी सरकार कल्पनाशक्ती काढून टाकणारं ऑपरेशन सर्वांना सक्तीचं करतं. ते झाल्यावर डी-५०३ तिचा छळ शांतपणे बघतो, त्याला काहीच वाटत नाही.

गंमत बघा. हार्डविकच्या इंग्लंडमध्ये नियम होता "परवानगीशिवाय नाही". झाम्यातिनच्या राज्यात नियम आहे "सगळ्यांना सगळे". दिसायला अगदी उलट. पण निर्णय दोन्हीकडे त्या दोघांच्या हातात नाही. पुढे ऑल्डस हक्सलेच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' (१९३२) मध्ये लग्न आणि आई-बाप हे शब्दच लाजिरवाणे झालेत. जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' (१९४९) मध्ये लग्नाला पक्षाच्या समितीची मंजुरी लागते, आणि दोघांना एकमेकांची ओढ आहे असं दिसलं तर मंजुरी मिळत नाही. ऑर्वेलने 'आम्ही' वाचलं होतं आणि १९४६ मध्ये त्यावर परीक्षणही लिहिलं होतं. एवढ्या मोठ्या सत्तांना दोन माणसांच्या प्रेमाची भीती का वाटावी? कारण जो माणूस दुसऱ्या एका माणसासाठी काहीही करायला तयार असतो, तो सत्तेसाठी 'काहीही' करायला तयार नसतो.

हॉस्टेलमध्ये घडणारी गोष्ट

शेवटचं पुस्तक काझुओ इशिगुरोचं 'नेव्हर लेट मी गो' (२००५). लेखकाला २०१७ मध्ये नोबेल मिळालं. हे भविष्य नाही, विसाव्या शतकाच्या शेवटचंच, पण कल्पनेतलं इंग्लंड आहे. कॅथी, टॉमी आणि रूथ एका छान निवासी शाळेत वाढतात. हळूहळू कळतं की ते क्लोन आहेत. मोठेपणी त्यांचे अवयव काढले जाणार आणि तरुणपणीच ते मरणार. त्यांच्यात एक अफवा असते, की दोघांचं प्रेम खरं आहे हे सिद्ध केलं तर तीन वर्षांची सूट मिळते. कॅथी आणि टॉमी चौकशीला जातात. अशी सूट कधी नव्हतीच.

या पुस्तकात पहारेकरी नाहीत, ग्रेटना ग्रीनची वाट अडवणारं कोणी नाही. तरीही कोणी पळून जात नाही! ते मागतात ती फक्त तीन वर्षं. नियम इतका आत मुरलाय की पळता येईल हे सुचतच नाही. मला सगळ्यात जास्त भीती याच पुस्तकाची वाटली. बाहेरून येणारा बाण निदान दिसतो. हा बाण आतून येतो.

मग आपलं काय?

आता कोणी म्हणेल, "इंग्लंड झालं, रशिया झालं, आज इथे असं थोडंच आहे?" बघू या. दोन वेगळ्या धर्मांच्या सज्ञान व्यक्तींना धर्म न बदलता आपल्याकडे लग्न करता येतं, १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने. चांगला कायदा आहे. पण त्यात ३० दिवसांच्या नोटिशीची तरतूद आहे. नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात ठळक जागी लावली जाते आणि त्या मुदतीत कोणीही हरकत घेऊ शकतं. आता हार्डविकचे तीन रविवार आठवा. चर्चच्या जागी नोटीस बोर्ड आला, एवढाच फरक! हरकत कायद्यातल्या अटींवरच घेता येते हे खरं. पण नोटीस वाचणारा प्रत्येक जण कायदा वाचायला आलेला नसतो.

सज्ञान दोघं राजी असतील तर घरच्यांची किंवा समाजाची संमती आवश्यक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं. म्हणजे कायद्याचा बाण बराच कमी झाला. जातीचा, अब्रूचा, "आम्ही तुझ्यासाठी एवढं केलं" या वाक्याचा? तो प्रत्येकाने स्वतः मोजावा. सुट्टीत घरी गेल्यावर बोलताना आपण कोणती नावं गाळतो, ते आठवा म्हणजे झालं. पळून जा असं मी कुणालाही सांगत नाहीये! घरच्यांचं ऐकणं हाही निर्णय असू शकतो. फक्त तो आपण घेतलेला असावा, 'नेव्हर लेट मी गो' मधल्यांसारखा न घेताच घेतला गेलेला नसावा.

थोडा गृहपाठ

म्हणून पुढच्या वेळी अशी एखादी प्रेमकथा हातात आली, की हे पाच प्रश्न विचारून बघा.

१. या दोघांना नेमका कोणता नियम आडवा येतो? तो कोणी केला, आणि त्याचा फायदा कोणाला?

२. नियम मोडला तर किंमत कोण जास्त मोजतं, तो की ती?

३. जोडपं दुसऱ्या काळात नेलं तर कथा टिकते का? (पडदा की भिंत?)

४. लेखक नियम दाखवतोय, की त्याला मुलामा देतोय?

५. यातला कोणता नियम नाव बदलून आजही चालू आहे?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर वहीत लिहायची गरज नाही, मनात लिहिलं तरी चालेल. त्यावर मार्क नाहीत आणि व्हायवाही नाही. मात्र तो ऑप्शनला टाकू नका, कारण बाकीचे चारही प्रश्न शेवटी त्याच्यासाठीच आहेत.

आणि हो, वर सांगितलेली पुस्तकं मिळवून वाचा, वाद घाला, आणि वाचून झाली की पुढच्या रूममध्ये द्या. उशीखाली ठेवू नका!